गाळलेल्या ओळी

१७ ऑक्टोबर, रविवार
दुपार

प्रिय चिंगीस,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुझ्या नवऱ्याची पाठ आता कशी आहे? मुलींच्या परीक्षा संपल्या असतील. धाकटीला गणितात किती मिळाले ते कळव. कमी असतील तरी कळव, मावशीवर गेली असं म्हणून टाकू.

तुझं पत्र येऊन आज सोळा दिवस झाले. महिनाअखेरीच्या आत उत्तर हवं असं तू बजावलं आहेस. मी दर दोन-तीन दिवसांनी कागद काढते, तारीख घालते आणि परत वहीत सरकवते. असे सहा कागद झालेत.

नानांची तब्येत बरी आहे. वजन तेवढंच, रक्तदाबाची गोळी तीच. उजव्या डोळ्याला उजेड कुठे आणि अंधार कुठे एवढं कळतं, डाव्याने तेवढंही नाही. डावा कान मात्र अजून चांगला आहे, जवळ बसून बोललं की सगळं ऐकू येतं. फोन कानाला लावला की ऐकायचं यंत्र शिट्ट्या मारतं, मग ते वैतागून फोन माझ्या हातात देतात, आणि तुझ्याशी बोलायचं माझ्या जिवावर येतं. म्हणून आपलं हे पत्रांचं चाललंय. तीन मजले उतरून नाना खाली गेले त्याला दीड वर्ष झालं.

बाकी बातमी म्हणजे पुस्तकांचीच. कोपऱ्यावरचं वाचनालय बंद पडलं. पुस्तकं रद्दीत निघाली होती, मी दोन पिशव्या भरून आणली. आता बोळाकडच्या खिडकीपुढे कपाट आलंय आणि भर दुपारी दिवा लावावा लागतो. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरून डबे हलवून तिथे प्रवासवर्णनं लावली आहेत. या आठवड्यात वाचता वाचता तीनदा दूध उतू गेलं. नाना म्हणाले, "घरात हवा कमी आणि कागद जास्त झालाय." मी हसण्यावारी नेलं. तुला माहीतच आहे मी कशी आहे ते. काही नसलं तर पुडीचा कागद वाचते, तोही नसला तर औषधाच्या बाटलीवरचं वाचते.

छापखान्यात या महिन्यात मधमाश्या पाळण्याचं एक जाडजूड पुस्तक तपासलं. राणीमाशीचं मला आता इतकं ठाऊक आहे की तिनेच येऊन सल्ला विचारावा. खरी मधमाशी मी शेवटची कधी पाहिली ते मात्र आठवत नाही. त्याआधी औषधांची माहितीपत्रकं होती. आमच्याकडे प्रुफं दोघींनी तपासायची असतात. एकीने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसरीने छापलेल्यावर बोट ठेवून पुढे जायचं. मी बोट ठेवणारी. औषधाच्या पत्रकातली एक ओळ गळली तर कुणीतरी एकाऐवजी दोन गोळ्या घेईल. सव्वीस वर्षांत माझ्या बोटाखालून फक्त दोन ओळी निसटल्या, असं मालक नव्या माणसांना माझ्याकडे हात करून सांगतात. ते सांगायला लागले की मी मान खाली घालते. लोकांना तो विनय वाटतो.

संध्याकाळी सहा ते आठ नानांसाठी वाचायचं. ते खुर्चीत, मी त्यांच्या डाव्या कानाशी स्टुलावर. याच छापखान्यात चाळीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवलेला माणूस, त्यांना फसवणं सोपं नाही. मागे एका कादंबरीत डोंगराचं वर्णन संपता संपेना, म्हणून मी चार ओळींवरून उडी मारली. लगेच बोट वर. "मागे जा." ते पुस्तक त्यांनी जन्मात वाचलेलं नव्हतं! कसं कळलं विचारलं तर म्हणाले, "चाल मोडली."

किती पाल्हाळ लावलं बघ. तू आतापर्यंत दोनदा म्हणाली असशील, ताई, मुद्द्यावर ये.

चिंगे, तुझ्या पत्रांतल्या ओळी मी गाळत आले आहे. चार वर्षं.

आई गेल्यावर दुसऱ्या वर्षी तू लिहिलं होतंस, की नानांना माझ्याकडे येऊ दे, तळमजल्यावरची खोली रिकामी आहे, जिना नाही, दार उघडलं की अंगण. मी ते पत्र नानांना वाचून दाखवत होते. त्या ओळीपाशी आले आणि पुढच्या ओळीवर गेले. खरं सांगते, काही ठरवलेलं नव्हतं. तोंड आपोआप पुढे गेलं आणि मुलींच्या शाळेची हकिगत वाचायला लागलं. नाना म्हणाले, "आणखी?" मी म्हटलं, "बास, बाकी सगळ्यांना नमस्कार."

तिथेच थांबले असते तरी चाललं असतं. पण तू उत्तर मागितलं होतंस. नाना सांगतात आणि मी लिहिते, हे तुला माहीत आहे. त्यांनी सांगितलं, मी ठीक आहे, मुलींना पापा. त्याखाली मी माझ्या मनाने लिहिलं: "हे घर सोडून मी कुठेही येणार नाही. हा विषय पुन्हा काढू नकोस." ते वाक्य त्यांचं नव्हतं. माझं होतं. तुझ्या ते जिव्हारी लागलं आणि तू इकडे यायचीच बंद झालीस. नंतरही तू दोनदा विचारलंस. दोन्ही वेळा मी तेच केलं, आणि दुसऱ्या वेळी जरा जास्तच सफाईने.

तू मला वेगळ्या चिठ्ठीत लिहिलं होतंस, "नाना हट्टी आहेत, पण तुझे हाल होतायत गं ताई, तू पार अडकलीस." ती दया मी घेतली. चवीने घेतली.

का केलंस म्हणून विचारशील. मला एकटीला राहायची भीती वाटते, हे एक. दुसरं त्याहून लाजिरवाणं आहे. मालकांनी दुसऱ्या गावी शाखा काढली तेव्हा ती सांभाळायला मला विचारलं. मी म्हटलं, नाना आहेत ना. ते कागदवाले व्यापारी, ज्यांच्यावरून तू मला चिडवायचीस, त्यांनी एकदा सरळच विचारलं. त्यांनाही तेच सांगितलं, नाना आहेत ना. मैत्रिणी चार दिवस समुद्रावर निघाल्या, तेव्हाही तेच. नाना तुझ्याकडे आले तर मी काय सांगणार होते? पुस्तकांतून मी सगळं जग पालथं घातलंय, आणि खरं म्हणजे मला बसस्टँडपर्यंत एकटीने जायचं म्हटलं तरी धडकी भरते. हे कुणाला कळू नये म्हणून मी एका म्हाताऱ्या माणसाला तिसऱ्या मजल्यावर बसवून ठेवलं. अडकले मी, असं सगळे म्हणत होते. कडी आतून मीच लावली होती.

आता तुझ्या या पत्राचं सांगते. ते आलं तेव्हा मी कामावर होते. समोरच्या नर्सबाई नानांना इंजेक्शन द्यायला आल्या होत्या, त्यांनीच टपाल वर आणलं. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. संध्याकाळी नानांनी खिशातून पाकीट काढलं. वरून फाडलेलं होतं. मला वाटलं, त्यांनीच चाचपून फाडलं असेल.

"वाच," म्हणाले.

मी वाचलं. नवऱ्याची पाठ वाचली, मुलींच्या परीक्षा वाचल्या. पुढे तू लिहिलं होतंस, की अंगणातल्या पायरीच्या जागी उतार करून घेतलाय, महिनाअखेरीला दीर राहायला येतायत, त्याआधी कळलं नाही तर खोली त्यांना द्यावी लागेल, आणि नाना, एकदा तरी हो किंवा नाही ते तुमच्या मनाने सांगा. त्या नऊ ओळी मी गाळल्या.

"एवढंच?"

"एवढंच."

"बरं. पुस्तक काढ."

त्या दिवशी मी चाळीस पानं वाचली. त्यांनी एकदाही अडवलं नाही.

चौथ्या दिवशी नर्सबाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "मग काय, कधी निघतायत नाना? अगं, ते खोलीचं त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. केवढे खूश झाले होते!" दोन मजले चढायला मला किती वेळ लागला म्हणून सांगू. घरात आले तर नाना खुर्चीत तयार बसलेले. सहा वाजले होते. मी स्टूल ओढलं आणि वाचायला लागले.

त्यानंतरचे अकरा दिवस कुणाच्या वाट्याला येऊ नयेत. त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं. ते काही बोलत नव्हते आणि मलाही तोंड उघडवेना. रोज सहा ते आठ मी वाचत होते, आणि काय वाचलं ते विचारशील तर एक अक्षर सांगता येणार नाही. इतकी पुस्तकं भोवती असूनही त्या खोलीत मला श्वास पुरेना. नऊ ओळी म्हणजे मिनिटभराचं काम, पण तेवढं होईना.

काल शनिवारी मी मध्येच पुस्तक मिटलं.

"नाना, चिंगीच्या पत्रात आणखी होतं."

"हो."

"नर्सबाईंनी वाचून दाखवलं ना तुम्हाला?"

"या खेपेला त्यांनी दाखवलं. पण गळतंय हे मला पहिल्या पत्रापासून कळत होतं. ओळ गळली एवढं कळतं गं, काय गळलं ते कसं कळणार?"

"मग मला विचारलं का नाही?"

मग म्हणाले, "तुझी आई आजारी होती तेव्हा चिंगीला कळवायला मी उशीर केला. मला वाटायचं, त्यावरून ती मला काहीबाही लिहीत असेल, आणि माझ्या जिवाला लागू नये म्हणून तू ते गाळत असशील. म्हटलं, पोरगी सांभाळून घेतेय बापाला, कशाला विचारायचं?"

चार वर्षं, चिंगे. तू त्यांना बोलवत होतीस आणि ते समजत होते तू शिव्या घालतेयस. वर मलाच चांगली म्हणत होते. मी तिथेच रडायला लागले. त्यांनी हात पुढे केला तो आधी स्टुलाला लागला, मग माझ्या डोक्याला.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "अंगण आहे म्हणते. उन्हात बसता येईल?"

"येईल."

"मग तिला ये म्हण."

मी मिटलेलं पुस्तक परत उघडलं, तर तेच म्हणाले, "वाचायला मी कशाला लागतोय तुला? माझे डोळे होते तेव्हाही वाचायचीसच की." मग जेवायला वाढ म्हणाले.

पण त्यांना अजून अर्धंच माहीत आहे. गाळलं ते कळलंय. त्यांच्या नावाने मी घातलेल्या ओळी त्यांना माहीत नाहीत. ते तोंडाने सांगायला मला जमणार नाही, काल जमलंही नाही. म्हणून हे पत्र मी आज सहा वाजता त्यांना वाचून दाखवणार आहे, पहिल्या आशीर्वादापासून. त्याशिवाय पाकीट बंद करणार नाही.

*

संध्याकाळ, साडेसात

वाचलं. सगळं वाचलं.

मधमाश्यांपाशी ते हसले. "हे घर सोडून मी कुठेही येणार नाही" यापाशी त्यांनी मला थांबवलं आणि ते वाक्य परत वाचायला लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी मी पुढच्या ओळीवर जाऊ लागले, तरी त्यांनी सोडलं नाही.

शेवटपर्यंत झाल्यावर म्हणाले, "पेन दे." बारा वर्षांत त्यांनी पेन धरलेलं नाही. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहिते. म्हणाले, "नको. तू नको." मांडीवर पाट घेतला, डाव्या हाताने कागद झाकला आणि वीस मिनिटं लिहीत बसले. चार घड्या घातल्या आणि म्हणाले, "हे चिंगीचं आहे."

तू येत्या शनिवारी गाडी घेऊन ये. त्यांचं सामान मी बांधून ठेवते. मला चार शब्द ऐकवायचे असतील तर तेव्हाच ऐकव, मी घरातच असेन.

ती घडी सोबत आहे. मी ती उघडलेली नाही. त्यात काय आहे ते मला ठाऊक नाही, आणि तू मला सांगायला बांधील नाहीस.

तुझी
ताई