येते गं

३ मार्च

पोचले बाई एकदाची! विमान, मग बस, मग धक्क्यावरून थेट रबरी होडीत उडी. ही उडी मी साडी नेसून मारली, हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण धाकट्या भावाची खात्री होती की ताई पाण्यात पडणार. ताई पडली नाही. मला धरायला पुढे झालेला तोच गुडघ्यापर्यंत भिजला.

हा माझा भाऊ जहाजावरच्या नोकरीतून सुटला तो घरी आलाच नाही. शिडाची नौका घेतली आणि देशोदेशीच्या बंदरांतून हिंडत बसला. लग्नाचं विचारलं की नौकेकडे बोट दाखवतो. मी टेलिफोन खात्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाल्यापासून लेकीकडे असते आणि जावयाला चार गोष्टी सांगत असते. परवा लेक म्हणाली, आई, मामाकडे जाऊन ये ना थोडे दिवस. त्या ‘थोडे दिवस’मधली घाई मला कळली नसेल असं तिला वाटलं! सगळी नोकरी मी लोकांचे आवाज ऐकण्यात घालवली आहे.

नौका मात्र झकास आहे. झोपायची जागा फळीएवढी, स्वयंपाकघर कपाटाएवढं, पण शेगडी झुलती. नौका कितीही कलली तरी चहाचं भांडं सरळच राहतं. घरी लेकीची ओट्यावरची शेगडी स्थिर असून रोज दूध उतू जातं.

इंजिनाचा पंप बिघडलाय. कप्तान (मी भावाला चिडवायला असं म्हणते) त्यात डोकं खुपसून बसणार आणि गावातली सगळी कामं माझ्याकडे. चालेल. मी काही हातावर हात ठेवून बसायला आलेली नाही.

५ मार्च

गॅसचं सिलिंडर भरून घेणे म्हणजे अर्धा दिवस. या देशाची नळी वेगळी, आपलं तोंड वेगळं, आणि दुकानदार नुसते खांदे उडवतो. मी त्याच्या काउंटरवर पिशवी ठेवली आणि जोड मिळेपर्यंत हलणार नाही असं सांगितलं. जोड मिळाला. मग पाण्याचे डबे, पंपाचं रबर, आणि शेवटी लाँड्री.

लाँड्रीवाली माझ्याच वयाची, पण तोंडाला कुलूप. मी इतक्या शुद्ध इंग्रजीत ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं, तर हिने बोटाने वजनकाटा दाखवला. शाळेत आमच्या सिस्टरांनी एवढ्यावर वर्गाबाहेर उभं केलं असतं.

खाडीच्या दोन्ही बाजूंना डोंगर, त्यामुळे मोबाइल म्हणजे नुसतं घड्याळ. नौकांवरची सगळी माणसं घरी फोन करतात ते या लाँड्रीच्या मागच्या खोलीतून. एक टेबल, एक खुर्ची, जुना काळा फोन. दारावर पुठ्ठ्याची पाटी, अशुद्ध इंग्रजीत: बोलणे झाले की ‘संपले’ असे मोठ्याने म्हणा, मग दार लावा. एवढ्याशा वाक्यात क्रियापद चुकीचं, काळ चुकीचा. मी पर्समधलं लाल पेन काढून दोन्ही दुरुस्त केले. लाँड्रीवाली बघत होती. आभार वगैरे काही नाही.

लेकीशी पोटभर बोलले. चिंगी, म्हणजे माझी नात, आजी तू समुद्रात कशी झोपतेस म्हणून विचारत होती. ठेवताना नेहमीसारखं ‘येते गं’ म्हटलं, लेक ‘ये’ म्हणाली. ‘संपलं’ म्हणे! आपल्यात उंबऱ्यातून निघताना साधं ‘जाते’ म्हणत नाहीत, आणि पोटच्या पोरीशी बोलून मी ‘संपलं’ म्हणू? उलट खोलीतून निघताना सवयीने त्या रिकाम्या खुर्चीलाही ‘येते’ म्हणाले, आणि माझं मलाच हसू आलं.

९ मार्च

आज लाईनवर तिसरं कोणीतरी होतं. हे मला कोणी शिकवायला नको. तिसरा माणूस लाईनवर आला की आवाज किंचित पातळ होतो आणि मागे श्वास ऐकू येतो. मी खात्यातल्या आवाजात दटावलं, कृपया लाईन सोडा. लेक दचकली, म्हणाली, आई, दोनदा का ओरडतेस?

मी एकदाच म्हटलं होतं.

निघताना पुन्हा तोंडून ‘येते’ गेलं. दार ओढून घेत होते, तेव्हा आतून कोणीतरी म्हणालं, ‘ये.’

परत आत शिरले. टेबल, खुर्ची, फोन. लाँड्रीवालीचा वात्रटपणा, दुसरं काय! तावातावाने बाहेर गेले, तर ती भर रस्त्यावर दोरीवर चादरी वाळत घालत होती आणि तोंडात चिमटे होते. शिवाय तिला मराठी कुठून येणार?

भावाला सांगितलं. तो म्हणाला, ताई, कानांचं एकदा बघून घेऊ या. कानांचं! माझ्या!

१३ मार्च

वारा होता म्हणून इतके दिवस किनाऱ्यावर जाता आलं नाही. आज पाव, कांदे, दोरखंड, आणि फोन. लेक आनंदात. म्हणाली, आई, रोज फोन करतेस, किती बरं वाटतं. आणि काल तू ह्यांच्याबद्दल जे बोललीस ना, ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी विचारलं, काय बोलले?

मी म्हणे जावयाचं कौतुक केलं. म्हणे आजवर फार टाकून बोलले, माझं चुकलं, असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही.

जो माणूस ओला टॉवेल पलंगावर टाकतो, त्याचं कौतुक माझ्या तोंडून! मी म्हटलं, पोरी, ती मी नव्हे. लेक खळखळून हसली. म्हणाली, हे बघ, आता वाटतेस माझी आई.

पण मग आणखी म्हणाली, लवकर ये हं, ठरल्याप्रमाणे. चिंगीने वाट बघायला खिडकीत पाट मांडलाय. तू आल्या आल्या तिला एकटीलाच फिरायला नेणार आहेस ना?

यातलं मी काहीही ठरवलेलं नाही.

१५ मार्च

भावाने आता कानांची चेष्टा थांबवली आहे. सकाळी तो स्वतः पंपाचं रबर बदलून आणायला गेला, येताना भाचीला फोन केला. भाची म्हणाली, मामा, आत्ताच तर आईशी बोलले, विमानतळावर पोचली. त्या वेळी मी नौकेवर भांडी घासत होते. भाऊ परत आला तेव्हा रबर तिथेच विसरला होता.

दुपारी मी गेले. लेकीने आवाज ऐकला आणि एकदम गार पडली. परक्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली, आईने आम्हाला आधीच सावध केलंय, हल्ली आवाज चोरून फसवणारे लोक असतात. ते रागावूनच बोलतील असंही सांगितलंय. पुन्हा फोन करू नका.

ठेवला. माझ्या लेकीने माझा फोन ठेवला.

म्हणजे माझा राग हीच माझी खूण होती, आणि त्या गोडबोलीने तीच आधी पुसून टाकली. हुशार आहे. असू दे. मी हिच्यासारख्या कितीजणींना लाईनवरून उतरवलं आहे!

१६ मार्च

लाँड्रीवालीला गाठलं. कपड्यांचं गाठोडं तिच्या वाटेत ठेवून म्हटलं, बोला, नाहीतर मी इथेच बसते. तिने हातातले चिमटे खाली ठेवले. मग पाटी काढून आणली, उलटी केली, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागली.

तिला बोलता येत नाही. कधीकाळी येत होतं.

तिनेही त्या खोलीत बहिणीला म्हटलं होतं, ‘लवकरच भेटू.’ खोली ऐकते. कोणी येण्याचा शब्द दिला की तो ती खरा करते. त्याच आवाजात, पण त्या माणसाशिवाय. दर वेळी तिकडून ‘ये’ मिळालं की तो आवाज घराकडे एक पाऊल पुढे. दारातलं ‘ये’ शेवटचं, मग तो आत. त्याआधी ज्याने शब्द दिला त्यानेच खोलीत बसून तो मोडायचा. स्वतःच्या भाषेत, मोठ्याने, मनापासून. लाईन तुटते. आणि बोलणाऱ्याचा आवाज खोलीतच राहतो. कायमचा.

मी विचारलं, बहीण?

तिने लिहिलं, सुखरूप आहे. मग पाटी सुलटी करून माझ्या लाल दुरुस्त्यांवर बोट ठेवून आणखी एक ओळ लिहिली: व्याकरण कळलं, अर्थ नाही.

मी लाल पेन पर्सच्या तळाशी ढकललं.

१७ मार्च

पंप चालू झाला. भाऊ म्हणतो, ताई, नांगर उचलतो, निघू या. कुठे निघू? ती माझ्या घराकडे चालली आहे आणि मी शीड धरून बसू?

भावाने पुन्हा फोन केला होता. ती शेवटच्या बसमध्ये बसली आहे. लेक तिला ‘ये’ म्हणाली. म्हणणारच. तोंडात बसलंय. मीच बसवलं.

आवाज गेला तर माझ्याजवळ राहतं काय? माझ्या चेहऱ्याला कधी कोणी वचकलं नाही. खात्यात, घरात, बाजारात, सगळं या जिभेवर चाललं. चिंगीला झोपवलं ते या आवाजाने. आणि ती—

नाही. रडायला वेळ नाही.

१८ मार्च, सकाळ

खोलीत आहे, टेबलावर टेकून. दार आतून लावलंय. भाऊ बाहेर उभा आहे, मीच सांगितलं आत येऊ नकोस.

समोरच्या खुर्चीची गादी दबलेली आहे. कोणी बसल्यासारखी.

फोन मी उचललाच नाही, तरी आवाज येतोय. माझाच. म्हणतोय, आले गं, कोपऱ्यावर आहे. चिंगीला खाली पाठव.

मागे चिंगी हसतेय. चपला शोधतेय—

अहो गोडबोल्या बाईसाहेब, ऐका. आवाज घ्या. लेकीला वाटेल आई गप्प झाली, जावई पेढे वाटेल. वाटू दे. माझं अक्षर माझं आहे. सिस्टरांनी पट्टी मारून वळवलेलं. घरी जाईन आणि भिंतीभिंतीवर लिहीन, ओला टॉवेल उचला. हे तुम्हाला जमायचं नाही.

लेक जिना उतरतेय. कडी—

गादी उठली. जवळ आली. माझ्या तोंडावर गार—

घाबरत नाही. उंबऱ्यातून निघताना आयुष्यात कधी म्हटला नाही तो शब्द आता म्हणायचा. आधी लिहिते, म्हणजे जीभ अडखळणार नाही.

चिंगे, दार नको—

येते नाही. येणार नाही. जा—