उरलेले थेंब

नेर, ता. ५ नोव्हेंबर १९६१

चि. दीनानाथास सुमेधाताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक म्हणावे, तर शुभदाच्या डोळ्याने घोर लावला आहे. तापात ओठावर फोड आले होते, आता डावा डोळा लाल आहे, उजेड सोसत नाही. यवतमाळच्या डॉक्टरांनी 'हर्पीज केरॅटायटिस' सांगितले, मलम दिले. जपले नाही तर नजर जाईल म्हणाले. मलम घातले की पोर किंचाळते. म्हणून गेल्या साली ह्यांच्या कंजंक्टिव्हायटिसला तू पाठवलेले कॉर्टिझोनचे थेंब घालते आहे. अर्धी बाटली देवघरातल्या फळीवर जपून ठेवली होती. भाऊ डॉक्टर होणार असताना परक्याच्या मलमाचे काय कौतुक?

ही नावे जिभेवर बसत नाहीत. कशी म्हणायची, अर्थ काय, ते लिही. डॉक्टरांपुढे अडाणी दिसायला नको.

अभ्यासात ताईला विसरू नकोस.
सुमेधा

नागपूर, ता. ९ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस दीनानाथचा सा. न. वि. वि.

विद्यार्थिनी हुशार आहे, म्हणून धडा देतो. के-रॅ-टाय-टिस, जोर 'टाय'वर. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा दाह. कंजंक्टिव्हायटिस त्याचा चुलतभाऊ, पण तो पांढऱ्या भागावरचा. हर्पीज हे व्हायरसचे नाव. आमच्या सूक्ष्मदर्शकातही दिसत नाही इतका बारीक. भाऊजींसारखे 'वारस' म्हणू नकोस, शेतात वाटणी मागेल!

औषध नेमाने घाल. तोंडी परीक्षा आटोपली की तुझ्या हातचा चिवडा खायला येतोच. लोभ वाढता ठेव.
दीनानाथ

नेर, ता. १ डिसेंबर

चि. दीनानाथास आशीर्वाद.

काल यवतमाळला गेलो होतो. सगळी नावे न अडखळता म्हटली. डॉक्टर हसले, कुठे शिकलात म्हणाले. मी अभिमानाने बाटली पुढे केली, ती त्यांनी काढूनच घेतली. या थेंबांनी दुखणे बळावले म्हणाले. बुबुळावर मधोमध फूल पडले आहे. त्या डोळ्याला आता नुसता उजेड कळतो.

भांडी घासणारी रुक्माबाई विचारते, मामा डागदर असून पोरीले दिसून काहून नाही राह्यलं. काय सांगू तिला? तू नेमाने घाल लिहिलेस, मी एक वेळ चुकवली नाही. तुला बोल लावत नाही. मलमाला रडत होती तशी रडू द्यायला हवी होती, एवढेच मनातून जात नाही.
सुमेधा

नागपूर, ता. ५ डिसेंबर

ती. ताईस सा. न.

तुझे पहिले पत्र काढून पुन्हा वाचले. थेंबांचे तू स्पष्ट लिहिले होतेस. तू उच्चार विचारलेस, आणि शिकवण्याच्या तोऱ्यात मी बाकीच्या ओळींवरून नुसती नजर फिरवली. स्वतःला दोष देऊ नकोस ग.

एक गोष्ट लपवली तर तुझ्यासमोर उभे राहता येणार नाही. गेल्या महिन्याच्या चोवीस तारखेला तोंडी परीक्षेत मला विचारले, हर्पीजच्या डोळ्यात कोणते औषध चुकूनही घालू नये. मी लगेच सांगितले, कॉर्टिझोन. परीक्षकांनी पाठ थोपटली. तेव्हाही मला शुभदा आठवली नाही.

लोभ ठेव असे लिहायला हात धजत नाही.
दीनानाथ