काच पुसलेलं पाणी

वणी, मंगळवार, संध्याकाळ

कोळशाच्या ट्रकांची धूळ खिडकीवर रोजच बसते. नळ चार दिवसांनी येते, म्हणून काच पुसलेलं पाणीही मी फेकत नाही, कढीपत्त्याले टाकते. महिनाभर काचेचा निळा स्प्रे मारून पाण्यानं पुसलं. काच चकाचक, अन् कढीपत्ता वाळून राह्यला. माह्याच हातानं.

पोरगी म्हणे, "आई, त्यात केमिकल असते. निस्तं पाणी अन् जुना पेपर घे."

आज तसंच केलं. कंबर गेली. बादलीतलं पाणी काळंकुट्ट. हे तरी झाडाले कसं टाकू? मोरीत ओतलं तर नदीत जाईल, अन् नदीचंच पाणी आपल्या नळाले.

बादली अजून कढीपत्त्याजवळच आहे. आत्ता खिडकीवर बोट फिरवून पाह्यलं. काळं झालं.