उजव्या हाताचा ठोसा

प्रिय अक्का,

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. हुबळीला, कोलारला, मद्रासला तुझे मुक्काम असायचे तेव्हा मी पानंच्या पानं लिहायची आणि तुझं उत्तर ठरलेलं, "पत्र पोचलं. बरी आहे." आता तेवढंही येणार नाही. तरी लिहायला बसले, कारण तुझ्याशी एक खोटं बोलले होते आणि ते माझ्याच्यानं आता सांभाळवत नाही.

झालं असं, की काल मी व्हाइटफील्डला नातीकडं गेले होते. मेघा म्हणाली, "आजी, अक्काआजीची ती मोठी लढत सांग ना. मी फोनवर रेकॉर्ड करते. ती बघितलेली तू एकटीच उरलीयस." मी पदर खोचला आणि नेहमीसारखी सुरू झाले. "मग अक्कानं उजवा हात अस्सा मागं घेतला..." आणि हात तसाच खाली घेतला. मेघाला वाटलं तुझ्या आठवणीनं रडू आलं. पोरीनं धावत जाऊन पाणी आणलं. तिला काय सांगणार होते मी?

तुला आठवतं, मी साताऱ्याहून लग्न होऊन तुमच्या घरात आले तो दिवस? राज्यांची नवी वाटणी झाली ते वर्ष. मराठी माणसं म्हणून वडिलांनी एवढ्या लांब बेंगळूरला दिली, आणि इथं बघते तर निम्मं बोलणं कानडी. तू दारात उभी होतीस. मी वाकून "वन्सं" म्हटलं, तर म्हणालीस, "वन्सं-बिन्सं नको गं, अक्का म्हण. आणि स्वल्प खात जा, वाळून गेलीयस." तुझे दंड बघून मला भीतीच वाटली होती. माझ्या नवऱ्याचे, म्हणजे तुझ्या सख्ख्या धाकट्या भावाचे, त्याच्या निम्मेसुद्धा नव्हते.

मामंजी पेठेतल्या गरडीचे वस्ताद. आमच्याकडं तालीम म्हणतात, तुमच्याकडं गरडी. तिथल्या लाल मातीत घालायला ताक, तेल आणि हळद घरातल्या बायकांनीच कालवायची, घमेलं उंबऱ्यापर्यंत न्यायचं, खाली ठेवायचं आणि मागं वळायचं. आत पाऊल टाकायचं नाही. तू सात वर्षांची असल्यापासून ते घमेलं नेत होतीस. ठेवायला तुला जरा जास्तच वेळ लागायचा, असं सासूबाई म्हणायच्या. तेवढ्या वेळात उंबऱ्यावरून बघून बघून तू सगळे डाव उचललेस. आणि परसात ते कुणावर करून बघितलेस? माझ्यावर. पहिल्या वर्षी मी माहेरी गेले तेव्हा आईनं पाठीवरचे डाग बघून विचारलं, "सासू मारते का गं?" मी म्हटलं, "नाही, नणंद पाडते."

दंडूत, म्हणजे कँटोन्मेंटात, मुलींच्या शाळेत तू कवायत शिकवायचीस. तिथंच ते सुभेदार चिन्नप्पा भेटले. फौजेतून निवृत्त झालेले, नाक दोनदा मोडलेलं, मराठीचा एक शब्द येत नसे. एक दिवस तू घरी आलीस ती बोटांची सालं गेलेली. मी म्हटलं, "हे काय करून घेतलंस?" तर म्हणालीस, "सुम्मने बस. ओरडू नकोस. बॉक्सिंग शिकतेय."

त्या दिवसापासून मी तुझ्या पापाची धनी झाले. नवऱ्याच्या जुन्या पँटी उसवून तुला गुडघ्यापर्यंतच्या चड्ड्या शिवल्या. गोणपाटात रागीचा भुसा भरून परसातल्या पेरूला टांगला. सासूबाईंना सांगितलं, गाद्यांसाठी वाळत घातलाय. पोटाला उशी बांधून मी भिंतीला टेकून उभी राहायची आणि तू विचारायचीस, "स्वल्प जोरात मारू का?" तुझं ते स्वल्प अजून बरगड्यांत आहे माझ्या. पण खरं सांगू? तुझा हात येताना दिसायचाच नाही. नुसती उशी आत जायची. मी मनात म्हणायची, ही बाई काय आहे, आणि आपल्या घरात कशी जन्मली?

दर हिवाळ्यात दंडूतल्या मैदानावर एक फिरती कंपनी यायची. उंच पाळणे, मौत का कुआँ, आणि कनातीच्या मागं तिकीट लावून बायकांचं बॉक्सिंग. त्यांची मद्रासची रोझी कधी हरलेली नव्हती. तिच्यासमोर टिकणाऱ्या बाईला कंपनी कामावर ठेवणार, असं बोललं जात होतं. सुभेदारांनी तुझं नाव दिलं. मॅनेजर म्हणाला, फलकावर 'लेडी टायगर' लिहू. तू म्हणालीस, माझं नाव लिहा, नाहीतर राहू दे. 'कुमारी यमुना, बेंगळूर' असा फलक लागला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या पेठेला कळलं. मामंजींनाही.

ओरडले नाहीत ते. गरडीतले सगळे पैलवान घेऊन येऊन पुढच्या रांगेत बसले. त्यांच्या शेजारी मी. त्या पहिल्या लढतीत मी पापणी मिटली नाही. दोन फेऱ्या तू रोझीला जवळही येऊ दिलं नाहीस. तिसऱ्या फेरीत ती अंगावर धावून आली आणि तुझा उजवा हात आपोआप तिच्या कंबरेत गेला. पुढं सांगायला नकोच. कुस्तीतली ढाक लावलीस आणि रोझी पाठीवर, चारी मुंड्या चीत. पैलवान बाकांवर चढून नाचले. मामंजींच्या तोंडून 'वाहवा' निघून गेलं. आणि पंचानं रोझीचा हात वर केला. बॉक्सिंगमध्ये पाडायचं नसतं हे पुढच्या चार रांगांत फक्त मला ठाऊक होतं. तू तिथंच उभी होतीस, स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण दोघी घमेलं ठेवून वळत होतो, तर आतून मामंजींची हाक आली, "यमुने, आत ये." जन्मभर जी हाक ऐकायची होती ती आली. उंबऱ्याच्या आत लाल माती मऊ करून ठेवलेली. मला वाटलं, आता ही रडणार. आणि तू काय म्हणालीस? "नको, आप्पा. तुमची माती तुम्हाला. मला त्या दोरांच्या आत जिंकायचंय."

अक्का, मी आयुष्यात फार काही बघितलेलं नाही. पण त्या सकाळी तुझा चेहरा बघितला. हव्या असलेल्या गोष्टीला असं नाही म्हणता येतं हे मला तोवर माहीतच नव्हतं.

मामंजी संतापले. संतापले तरी माणूस न्यायाचा. म्हणाले, "सरी, ठीक आहे. कंपनी जायच्या आधी आणखी एकदा लढ. त्यांच्या नियमानं. जिंकलीस तर तुझा रस्ता तुझा. हरलीस तर देवनहळ्ळीला होकार कळवतो." देवनहळ्ळीचा तो बिजवर, चकोतांच्या, म्हणजे आपल्या पपनसांच्या, बागा असलेला. आठवड्याला टोपलीभर फळं पाठवायचा. तुझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, आणि तुला बघून गेल्यावर एवढंच म्हणाला होता, "कामाला दणकट दिसते." चकोत मात्र गोड होते, ते मी खाल्ले. त्याची क्षमा वेगळी मागते.

तीन आठवडे. सुभेदार तुझ्या दोन्ही काखांत घडी केलेले पंचे दाबून धरायला लावायचे. हात कंबरेकडं गेला की पंचा पडायचा, पंचा पडला की पहिल्यापासून. मी परसात पंचे उचलून उचलून थकले. शेवटच्या आठवड्यातही दिवसातून दोन-तीनदा पडतच होता. आणि माझ्या मनानं काय घेतलं असेल? गेल्या वेळी मी टक लावून बघत होते, म्हणून तू हरलीस. माझी नजर लागली. कुणाला न सांगता मी देवीला बोलले, या वेळी मी बघणार नाही, हिला जिंकू दे.

आणि निघताना, घोड्याच्या जटक्यात बसता बसता, तू माझा हात धरलास. "कुसुम, आत गेले की मला काही दिसत नाही गं. सगळं धुरकट होतं. तू नीट बघ. परत येताना मला सांग कसं झालं ते." मी म्हटलं, बघते. तोंडानं 'बघते' म्हणाले आणि मनात देवीला दिलेला शब्द. सांग, काय करणार होते मी?

घंटा झाली आणि मी पदर डोळ्यांवर घेतला. लोकांना वाटलं, बाईमाणूस आहे, घाबरली. घाबरले तर होतेच. मी फक्त ऐकत होते. धोबीघाटावर ओलं कापड आपटावं तसे आवाज. सुभेदारांचं तमिळमधलं ओरडणं. मामंजींचा श्वास. एक फेरी, दोन फेऱ्या, तीन. चौथीत एकदम सगळं मैदान गप्प झालं, मग एक आवाज झाला आणि लोक उसळले. मी पदर काढला, तर रोझी खाली बसलेली, पंच आकडे मोजतोय, आणि तू लांब कोपऱ्यात उभी. मोजणं संपलं. पंचानं तुझा हात वर केला. त्या सगळ्या गर्दीत तू मला शोधलंस आणि भुवया उंचावून विचारलंस, बघितलंस ना?

मी मान हलवली. हो म्हणून. तेच ते खोटं.

परतीच्या जटक्यात मी तुला सगळी लढत सांगितली. लोकांच्या ओरडण्यावरून जेवढं जुळवता आलं तेवढं जुळवलं, बाकीचं पदरचं घातलं. माझ्या उशीवर उजव्याचा मार जास्त बसायचा, म्हणून ठोसा उजवा. "अस्सा मागं घेतलास, खांद्यातून फिरवलास, आणि हनुवटीवर!" तू सुजलेल्या डोळ्यांनी ऐकत होतीस. "अस्सं?" म्हणालीस. "मग?" म्हणालीस. मामंजी समोर बसून माझ्या हाताकडं बघत होते. दुसऱ्या दिवशी चकोताची टोपली त्यांनी स्वतः बसमध्ये ठेवून देवनहळ्ळीला परत पाठवली.

मग काय, तुझी गाडी सुटली ती सुटलीच. शाळेनं काढून टाकलं, कंपनीनं ठेवून घेतलं. कोलारच्या खाणीतली माणसं पाळी सोडून तुला बघायला यायची. म्हैसूरला दसऱ्यात तुझ्या नावावर तिकिटं संपायची. जिथं गेलीस तिथं फलकावर स्वतःचंच नाव. ज्या पेठेनं नाकं मुरडली, तीच पेठ पुढं आपल्या मुली तुझ्याकडं पाठवायला लागली. आणि कुणीही त्या पहिल्या विजयाचं विचारलं की तू हसून माझ्याकडं बोट करायचीस. "कुसुमला विचारा. तिनं बघितलंय." आणि मी सांगायची. मुंजीत, बारशात, तुझ्या साठीला. दर वेळी उजवा हात थोडा आणखी मागं जायचा.

गेल्या महिन्यात तुला पेज भरवत होते. तू अगदी सहज, हवापाण्याचं बोलावं तसं म्हणालीस, "तो डावा होता गं."

मी चमचा वाडग्यात ठेवला.

"उजवा निघालाच होता तिच्या कंबरेकडं," तू म्हणालीस. "आवरला. कसा आवरला ते मला माहीत. म्हणून मग डावा मारला."

सगळं मैदान गप्प झालं होतं ते तेव्हा. तुझा हात निघाला, सगळ्यांना दिसला, आणि तू तो परत घेतलास. तुझ्या जन्मातली सगळ्यात मोठी गोष्ट, आणि मी चार हातांवर पदरात तोंड खुपसून बसले होते. एवढी वर्षं तुला ठाऊक होतं. जटक्यात मी पहिल्यांदा 'उजवा' म्हणाले त्याच क्षणी तुला कळलं होतं.

"मग कधी बोलली का नाहीस?" मी विचारलं.

तू पेजेचा घोट गिळलास. म्हणालीस, "मी मारला त्यापेक्षा तू सांगायचीस तो ठोसा बरा होता."

आणि मी काय केलं? पेज गार झाली म्हणाले आणि स्वयंपाकघरात निघून गेले. माफ कर एवढे दोन शब्द बोलायला मला तेव्हा तोंड नव्हतं. आज म्हणते. मला माफ कर, अक्का. तू बघ म्हणालीस आणि मी बघितलं नाही.

उद्या मेघाला परत फोन सुरू करायला सांगणार आहे. पैलवानांचं नाचणं सांगेन, देवीला बोललेलं सांगेन, पदरही सांगेन. आणि यापुढं जो कुणी विचारील त्याला शब्द न बदलता सांगेन, की उजवा हात निघाला होता, तो यमुनेनं आवरला, मग डावा मारला. आणि हे मी पाहिलेलं नाही, तिनं मला सांगितलंय.

तुझी,
कुसुम