देवीचं गाव

आबा, अजबखान्याच्या, आता म्युझियम म्हणतात त्याच्या, पायरीवर मी अजूनही चपला काढते. दारावरचा शिपाई दर वेळी म्हणतो, "आजी, घालून जा, इथे चालतं," आणि मी दर वेळी त्याला हो म्हणून चपला पिशवीत टाकते. फरशी गार लागते, गुडघे कुरकुरतात, घरी आल्यावर सून रागावते. पण चपला घालून त्या दालनात शिरायचं म्हटलं की पाय उचलतच नाही. ही खोड तुमची. सगळं आयुष्य मुंबईत गेलं, ट्रामसुद्धा बंद झाली, माझं बोलणं इथलं झालं. कधी रागाच्या भरात आपल्याकडचा शब्द तोंडात आला की नातवंडं हसतात. एवढी एक खोड तेवढी राहिली आणि ती मी मोडू देत नाही.

तुम्ही निजामाचं राज्य जायच्या आधीच गेलात. पण तुमचं मुंबईला येणं त्याच्याही आधीचं, रझाकारांची धामधूम सुरू व्हायची होती तेव्हाचं. माझ्या लग्नाला वर्ष झालं असेल नसेल. तुमचे जावई छापखान्यात खिळे जुळवायला जायचे आणि मी चाळीतल्या एका खोलीत दिवसभर भिंतीकडे बघत बसायची. शेजारणी वाईट नव्हत्या, पण त्यांना माझ्या बोलण्याचं हसू यायचं, म्हणून मी तोंड मिटून घेतलं होतं. अशात तुमचं कार्ड आलं, "देवीचा हात मोडला. मुंबईस येतो." आम्ही दोघं ते कार्ड उलटसुलट करून बघत राहिलो. हात मोडला तर मुंबईला कशाला, हे काही कळेना.

मला मात्र त्या पहिल्या वाक्यानेच धरलं होतं. आपण गुरव, देवीची पूजा पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घराकडे. माय गेली तेव्हा मी धड चालतही नव्हते. तुम्ही पत्रावळ्या लावायला, गावात घरोघर बेल द्यायला निघालात की मला देवळात सोडायचात आणि देवीला सांगायचात, "बघ गं हिच्याकडं." आणि ती बघायची. काळ्या दगडाची, डावा हात कमरेवर, उजव्या हातात कमळाची कळी, ओठांत हसू दाबून धरलेलं. मी तिच्या पायाशी झोपले, तिच्याशी भांडले, माझ्या बाहुलीचं लग्न लागलं त्याला वऱ्हाडी म्हणून ती एकटी होती. देव म्हणून मला ती फार उशिरा कळली. आधी ती घरातली एक बाई होती, जरा कमी बोलणारी.

पिंगळीच्या स्टेशनावर छोट्या रुळाच्या गाडीत बसून, मनमाडला गाडी बदलून तुम्ही आलात. आल्या आल्या पाणी प्यायच्या आधी बोचकं सोडलंत आणि फडक्यातून तो हात काढलात. मनगटापासून तुटलेला, बोटांत कळी तशीच. निजामाच्या हद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर जमादाराने बोचकं उचकलं तेव्हाची गोष्ट तुम्हीच सांगितलीत. त्याने विचारलं, "ये क्या है?" तुम्ही म्हणालात, "हात हाय, देवीचा." त्या बिचाऱ्या मुसलमान माणसाने स्वतःच्या हाताने फडकं परत गुंडाळलं आणि म्हणाला, "संबाल के ले जाव, बडे मियाँ." तुम्हाला त्याचं फार वाटलं होतं. आपल्या गावातल्या माणसांनी एवढंही म्हटलं नव्हतं.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी पितळी प्रभावळ चिंचेनं घासायला म्हणून तुम्ही उतरवत होतात, ती निसटली आणि हातावर पडली. रोज ज्या हातांनी तिला न्हाऊ घातलं त्याच हातांनी हे झालं, म्हणून तुम्ही कुणाला बोल लावू शकत नव्हतात. खंडित मूर्ती पुजायची नाही हे तर लेकराला ठाऊक. पाटलांनी नवी मूर्ती घडवायला सांगितली आणि जुनीसाठी मुदत दिली, "चैताच्या जत्रेआधी गंगेत सोडून या." नदीला आपण गंगाच म्हणतो, तिच्या डोहात असे कितीतरी देव गेलेत. तोवर तिला मंडपाच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. "पाठमोरी ठिवलीया, माय," तुम्ही म्हणालात, "अन् मी नव्या देवीच्या चौरंगाची तयारी करायलोय तिच्या पाठीमागं." मग शाळेच्या मास्तरांनी तुम्हाला सांगितलं की मुंबईत समुद्राजवळ एक मोठं घर आहे, तिथे मोडके देव ठेवून घेतात, टाकत नाहीत. ते घर कसं आहे ते बघायला तुम्ही आला होतात. लेक द्यायच्या आधी माणूस सोयऱ्याचं घर बघून येतो, तसं.

रविवारी आपण तिघं गेलो. घुमट दिसला तसं तुम्ही हात जोडलेत आणि वहाणा पायरीवर काढल्यात. तुमचे जावई "अहो, असू द्या" म्हणेपर्यंत मीही काढल्या होत्या. आत आधी तलवारी, नाणी, मग वरच्या मजल्यावर साहेबांची चित्रं. एका गोऱ्या बाईच्या चित्रापुढे तुम्ही बराच वेळ थांबलात. मला वाटलं, तिच्या उघड्या गळ्याकडे बघून ओशाळलात. पण तुम्ही विचारलंत, "हिचं कोन येतंय का गं कदी बघायला?" जावई हसले. मलाही हसू आलं.

मग खालचं दगडी देवांचं दालन. आबा, तिथे तुमचा चेहरा मी पाहिलाय. कुणाला नाक नाही, कुणाला हात नाही, एका विष्णूला तर गुडघ्याखाली काहीच नाही, पण सगळे ओट्यावर उभे होते, उजेडात, माणसांकडे तोंड करून. तुम्ही प्रत्येकापुढे वाकलात. एका देवीचे दोन्ही हात गेलेले, तिच्यापुढे तुम्ही उभे राहिलात आणि तुमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. "हितं कुनी पाठमोरं न्हाई," एवढंच म्हणालात. त्या घटकेला तुम्ही मनाने देवी देऊन टाकली होतीत. बाहेर आलो तर तुमच्या वहाणा गायब. देवळातून वहाणा गेल्या तर पीडा गेली म्हणतात. तुम्ही पायरीकडे बघत म्हणालात, "आता हे देऊळ हाय का न्हाई ते आधी ठरवा, मंग मी हसतो का रडतो ते ठरवतो." त्या सगळ्या मुक्कामात तुम्ही केलेली ती एकच थट्टा.

देवाचं घर सकाळी बघावं, असं तुमचं म्हणणं. देवाला कसं उठवतात त्यावरून घर कळतं. म्हणून दुसऱ्या दिवशी जावई कामावर गेले तरी आपण दोघं परत गेलो आणि दार उघडण्याच्या आधीपासून बाहेर उभे राहिलो. दार उघडलं. ना घंटा, ना पाणी, ना कुणी नाव घेऊन हाक मारली. एक कोकणातला शिपाई फडकं घेऊन आला आणि देवांवरची धूळ झटकू लागला. माणूस चांगला होता. तुम्ही विचारत गेलात, तो सांगत गेला.

"न्हाऊ घालीत न्हाईत यांना?"

"पाणी लावायचं नाही, बाबा. दगड खराब होतो."

"निवद?"

"हे बघायचे देव. जेवायचे नाहीत."

तुम्ही त्याचाही राग मानला नाहीत. त्या दोन्ही हात नसलेल्या देवीजवळ जाऊन विचारलंत, "ही कोन्या गावची?" शिपायाने खालच्या पाटीकडे बोट दाखवलं. गाव ठाऊक नाही, असंच लिहिलंय म्हणाला. शेजारच्या तिघांचंही तेच होतं. तुम्ही परत विचारलंत, जणू त्याला नीट ऐकू आलं नसेल. "गावच न्हाई?" तो म्हणाला, "कुठून कुठून आलेत, बाबा. कोण लक्षात ठेवतं?"

तिथून आपण समुद्रावर जाऊन बसलो. तुम्ही समुद्र पहिल्यांदा बघत होतात आणि तो तुम्हाला आवडला नाही. "एवढं पानी, अन् एक घोट पिण्याजोगं न्हाई." मग म्हणालात, "हात न्हाई तर न्हाई, माय. हात नसलेली मानसं जगतेत. पर गाव न्हाई म्हणल्यावर तिला हाक कशी मारावी?" मी म्हटलं, "आपुन सांगू की गावाचं नाव. लिवतील ते पाटीवर." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "नाव लिवतील. सकाळी उठवंल कोन?" दुसऱ्या दिवशी जावयांनी घेऊन दिलेल्या नव्या वहाणा करकर वाजवत तुम्ही गाडीत बसलात आणि फडक्यातला हात घेऊन परत गेलात.

चैत्रात मी पहिल्या बाळंतपणाला आले. देवळात नवी देवी बसली होती, गोरी, संगमरवरी, नाकी डोळी नीटस आणि माझ्याशी अजिबात ओळख नसलेली. कोपरा रिकामा होता. मला वाटलं, गेली गंगेत. विचारायची हिंमत होईना. तुम्ही मला गावाच्या शिवेवर घेऊन गेलात, पेडगावची वाट फुटते तिथे, लिंबाखाली. तिथे शेंदराने लिंपलेला एक गोल धोंडा होता, कंबरेएवढा, कुठेही असतो तसा. तुमच्या बोटांची नखं नारिंगी झालेली मी तेव्हा पाहिली.

"हात तिच्या वटीत ठिवला," तुम्ही सांगितलंत, "अन् वरून लिंपलं. तेलात शेंदूर कालवायचा, लावायचा, वाळू द्यायचा, परत लावायचा. आधी पाय बुजविले. मंग वटी, मंग खांदे. तोंडाला लय येळ लागला, माय. हात उचलंच ना. डोळे झाकतानी म्हणलं, एकदा गाव बघून घे."

पाटील आले होते म्हणे बघायला. हे काय केलंत विचारलं. तुम्ही म्हणालात, "शिवेवरची आई हाय, पाटील. हिला हातच न्हाई, मंग मोडलेला कुठून दिसंल?" पाटील धर्म जाणणारे होते. शेंदराच्या धोंड्याला खंडित म्हणता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी डोक्याचा रुमाल काढला, पाया पडले आणि निघून गेले. मी मात्र तुमच्यावर रागावले होते, आबा. पोटात बाळ, समोर तो आंधळा धोंडा, आणि तुम्ही समाधानाने त्याच्यावर पाणी शिंपडत होतात. मला वाटलं, गंगेत सोडली असती तर निदान पाण्याखाली तिचं तोंड तरी तसंच राहिलं असतं.

तो राग मावळायला मला अर्धं आयुष्य लागलं. पोरं मोठी झाली तशी मी त्या दालनात एकटी जायला लागले. तिथे ऐकून ऐकून मला कळायला लागलं की आपली देवी केवढी जुनी असणार, तसा दगड, तशी कळी धरायची रीत आता क्वचितच सापडते. एकदा एक शिकलेले गृहस्थ पोरांना समजावत होते की खेड्यातली अडाणी माणसं शेंदूर फासून केवढी कला नासवतात. मी जवळच उभी होते. भांडायला माझी जीभ कमी नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण त्यांचंही खोटं नव्हतं. तुम्हालाही ठाऊक होतं तुम्ही काय बुजवताय ते, त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. रोज तुम्हीच तर ते तोंड धूत होतात. तिचं तोंड देऊन तिचं गाव राखलंत, याहून वेगळं काही तुमच्या हातात नव्हतं. गावात अजून नव्या नवरीला आधी शिवेवर नेतात, गाईचा पहिला चीक तिला जातो. धोंडा आता छातीएवढा झालाय. आत कोण आहे हे आज कुणाला माहीत नाही, आणि मी सांगितलं नाही.

हे पत्र पेटीत पडायचं नाही. आपल्याकडे पोस्टमन शिवेपर्यंत येतो, शिवेपलीकडे गेलेल्यांकडे जात नाही. पण एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. बोरीबंदरला गाडी सुटायच्या आधी तुम्ही खिडकीतून मला विचारलंत, "तुला काय वाटायलंय, माय? काय करू तिचं?" मी म्हटलं, "तुमी कराल ते बरूबर." तुम्ही मान हलवलीत आणि गाडी हलली. आबा, मला ती इथे हवी होती. कुणी न्हाऊ घातलं नसतं, कुणी उठवलं नसतं, पाटीवर काही का लिहीनात. मी दर रविवारी गेले असते. या एवढ्या शहरात माझ्याकडं बघणारं आपल्या गावचं एक माणूस असतं.