दोन स्पीकर आणि अक्काची खाट

६ जानेवारी १९७७
नवी पेठेत लोकर आणायला गेले, लोकर न घेता आले. करीमसाहेबांच्या रेडिओच्या दुकानापुढून जात होते, त्यांनीच हाक मारली. केस सगळे पांढरे झालेत. "बाई, कुठं होता इतकी वर्षं?" म्हटलं, तिथंच, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. दिवाळीआधी रिटायर झाले. "मग आता गाणं ऐकायला मोकळ्या झाला की."
आत नेऊन बसवलं. दोन बाजूंना दोन स्पीकर, मधे रिकामी भिंत, भिंतीवर कॅलेंडर. रेकॉर्ड लावली. गाणारीचा आवाज कॅलेंडरातून आला. उठून जवळ जाऊन पाहिलं. तिथं काहीच नाही. क.सा. हसले. "याला स्टिरिओ म्हणतात. बसून ऐकायचं, उठायचं नाही."
घरी येऊन स्वैपाक केला नाही. दूध-भाकरी.

८ जाने.
माळ्यावरून रेकॉर्डी काढल्या. दोन तडकल्यात. बाकीच्या पुसल्या.
हा नाद होता तेव्हा एक्स्चेंजची पाळी संपवून आले की आधी रेकॉर्ड, मग चहा. ग्रामोफोनचा पिकअप, सुईचा दांडा, मी स्वतः जोडला होता, क.सा.नी नुसतं सांगितलं कसं ते. मग आई, आमची अव्वा, अंथरुणाला खिळली, तिला आवाज सोसेना. ग्रामोफोन देऊन टाकला. ती गेल्यावर पुन्हा घेता आला असता. पण तोवर घरी आलं की वाटायचं, आता कुणाचा आवाज नको. दिवसभर कानात तेच असायचं, आणि

(दूधवाली आली. राहिलं.)

११ जाने.
पुन्हा क.सा.कडे. ते म्हणतात, झाकणात स्पीकर असलेला तयार डबा घेऊ नका, ते खेळणं. सुटं सुटं घ्या. टर्नटेबल मुंबईहून मागवू, ॲम्प्लिफायर मी बांधतो, स्पीकरची खोकी इथल्या सुताराकडून.
व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर? व्हॉल्व्हचा आवाज माझ्या ओळखीचा, गोड. पण व्हॉल्व्ह तापतो, सोलापुरात मे महिन्यात खोलीत आणखी एक शेगडी कोण पेटवील. ट्रान्झिस्टर सांगितला. क.सा. थोडे हिरमुसले. त्यांचा जीव व्हॉल्व्हवर.
बाहेरच्या खोलीची मापं घेतली. खिडकीच्या भिंतीला दोन स्पीकर. त्या दोघांत जितकं अंतर, तितक्याच अंतरावर समोर खुर्ची. बरोबर मधे एकच खुर्ची बसते. एकच हवी आहे.

१४ जाने.
अक्का आली, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला. बहीण माझ्याहून बरीच थोरली, पण केमहून, तिच्या सासरच्या गावाहून, आली तरी स्टेशनापासून चालतच येते. मल्लू, तिचा मुलगा, सोडून लगेच परत गेला. "आठ दिवस ऱ्हाते," म्हणाली. आठ दिवसांना दोन लुगडी पुरतात. तिनं मोठी पेटी आणली आहे.
खाट बाहेरच्या खोलीत खिडकीखाली टाकली. दम्यामुळे तिला वारा लागतो.

१८ जाने.
अक्का दुकानात बरोबर आली. क.सा.ना माझं सगळं सांगून बसली. "हिनं एकदा स्पीकर रांजणाच्या तोंडावर बसवला हुता. आवाज घुमतो म्हणं. प्यायच्या पाण्याचा रांजण. आमची अव्वा हिच्याशी बोलंना झाली." क.सा. मान खाली घालून म्हणाले, "ते मीच शिकवलं होतं, बाई." अक्कानं त्यांच्याकडं जरा वेळ बघितलं. मग म्हणाली, "आवाज मातर घुमायचा."

२१ जाने.
ॲम्प्लिफायर अर्धा झालाय. दुकानातल्याच स्पीकरवर लावून दाखवला. "आवाज मधे येतोय ना?" म्हटलं, नाही, उजवीकडं येतोय. त्यांनी बटण थोडं फिरवलं. तरी उजवीकडं. मग मला उठवून स्वतः खुर्चीत बसले. त्यांना बरोबर मधे. पुन्हा मला बसवलं. बटण सोडून माझ्याकडं वळले.
"एक्स्चेंजमधे हेडफोन कुठल्या कानाला असायचा?"
डाव्या.

२४ जाने.
डॉक्टर म्हणाले डाव्या कानाची शीर बरीच बधिर झालीय. औषध नाही. उजवा चांगला आहे, तो जपा.
आयुष्यभर ट्रंक लाइन जोडल्या. मुंबई बोला, पुणे बोला. कुणाची बाळंतीण सुटली, कुणाचा बाप गेला, सगळं या डाव्या कानातून गेलं. वाटलं, सामान रद्द करावं. अर्ध्या कानाला स्टिरिओ कशाला. क.सा.कडे गेले तर म्हणाले, "बाई, ते बटण कशासाठी ठेवलंय मग? डावीकडचा वाढवायचा, उजवीकडचा कमी करायचा. तुमचं मधलं तुम्हाला सापडलं की झालं."
रद्द केलं नाही.
संध्याकाळी मेथी निवडताना अक्काला सांगितलं. ती म्हणाली, "मग मी इतकं दिवस डाव्या अंगाला बसून कुणाला सांगत हुते?" उठली, परडी घेऊन उजवीकडं येऊन बसली. आणि शांताचं, सुनेचं, बाळंतपण पहिल्यापासून सांगितलं.

२९ जाने.
आठ दिवस कधीच झाले. अक्का जायचं काढत नाही, मी विचारत नाही.
खोकी आली. सागवानी, जड. आत पिंजलेला कापूस भरायचा, नाहीतर आवाज आतल्या आत भणभणतो. पिंजाऱ्याला बोलावलं. त्याला वाटलं उशा. खोक्यात भरायचा म्हटल्यावर त्यानं अक्काकडं बघितलं, अक्कानं त्याच्याकडं बघून मान हलवली. दोघांचं माझ्याबद्दल एकमत.

२ फेब्रुवारी
मल्लू आला. वाटलं न्यायला. चहा झाला, चिवडा झाला, तो उठेना. मग मला म्हणाला, "मावशी, जरा भाईर या." तुळशीपाशी उभा राहून पायानं माती उकरत म्हणाला, "आईचं आन शांताचं पटंना. काई दिवस हितंच ऱ्हाऊ दे का?"
किती दिवस?
"बघू की."
मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. तो गाडीला गेला. अक्का आत भाकरी थापत होती. आवाज एकसारखा, एकदाही चुकला नाही.

३ फेब्रु.
इथं खरं लिहायला हरकत नाही. मला नको आहे. अक्का नको असं नाही. पण इतकी वर्षं घंटेवर उठले, पाळीवर जेवले. रिटायर झाले की एक खोली, एक खुर्ची, दार लावलेलं, एवढंच मनात होतं. अक्का दार लावू देत नाही. वारा येत नाही म्हणते.
आणि ती खाट बरोबर उजव्या स्पीकरच्या जागेवर आहे.
शांताचं काय बिनसलं असेल? लग्नात तर चांगली वाटली होती.
अक्कानं आज माझ्यासाठी शेंगांची चटणी कुटली. खलबत्त्याचा आवाज दोन्ही कानांना येतो.

७ फेब्रु.
दुकानातून आले तर खाट जागेवर नाही. शेजारच्या बायकांना हाताशी धरून अक्कानं आतल्या खोलीत नेलेली. तिथं खिडकी नाही, धान्याचे डबे आहेत. म्हटलं, हे काय? "तुझं ते डबं कुटं ठेवणार?" म्हटलं, दम्याचं काय? "मला काय हुतंय."
खूप सांगितलं. ऐकत नाही. घरात ती थोरली.

९ फेब्रु.
सगळं लागलं. क.सा. स्वतः हातगाडीबरोबर आले. खोली रिकामी म्हणून आवाज आदळत होता, तर दोन्ही भिंतींना चादरी टांगल्या. बटण डावीकडं, अजून थोडं डावीकडं, थांबा. मधे आला आवाज. समोर. जुनं गाणं, पण मागं तंबोरा आहे हे मला आजवर कळलं नव्हतं.
अक्का दारात सूप घेऊन ज्वारी पाखडत होती. म्हटलं, बस की आत. "मला हितनं येतंय ऐकू."
क.सा. गेल्यावर रेकॉर्ड पुन्हा लावली, पण अर्ध्यात बंद केली. सकाळपासून अक्काचे डोळे सुजलेत. रात्री झोप लागत नाही तिला तिथं.

१२ फेब्रु.
क.सा.नी एक रेकॉर्ड दिली, स्पीकर नीट लागलेत का ते तपासायची. गाणं नाही. नुसते आवाज. टेबल टेनिसचा चेंडू, पाऊस, घोडे, आगगाडी. गाडी डाव्या भिंतीकडून येते, उजवीकडून निघून जाते.
अक्का आतून आली. हात पिठाचे. गाडीबरोबर तिची मान अशी डावीकडून उजवीकडं फिरली. "आता परत लाव." लावली. "ही थांबत न्हाय केमला. लई जोरात हाय." मग खुर्चीत बसली, आपल्या आपण. मी खाली बसले. पुन्हा लावली. केमला तिचं घर स्टेशनाला लागून आहे, गाड्यांवरच तिचा दिवस. अमकी गेली की चूल, तमकी गेली की धार.
"चलो ऐती," म्हणाली शेवटी, छान आहे म्हणून. माहेरचं कानडी तिच्या तोंडून फार दिवसांनी ऐकलं. मग म्हणाली, "बटाण नीट कर. गाडी भिंतीत शिरतीय." तिच्यासाठी बटण सरळ केलं. मला गाडी उजवीकडंच राहिली. राहू दे.

१५ फेब्रु.
शेजारच्या बायका येऊन गाडी ऐकून गेल्या. अक्का त्यांना एकेकीला खुर्चीत बसवते आणि सांगते, हलू नका. माझ्या गाण्यांच्या रेकॉर्डी तशाच.
बायका गेल्यावर ती तिथंच बसून होती. रेकॉर्ड संपली होती, तबकडी फिरत होती. तिचं तोंड पाहून मला कळलं, हिला घरी जायचंय.

१६ फेब्रु.
म्हणजे शांताशी असं काय झालंय की ही जात नाही. काही वाईट असेल तर मला कळायला हवं. विचारायचं ठरवलं. दोनदा शब्द ओठांवर आले, दोनदा कुणीतरी आलं.

१९ फेब्रु.
विचारलं. शेंगा सोलत बसलो होतो, ती उजवीकडं.
अक्का, केमची आठवण येते?
"येती की."
मग शांता काही बोललीय का तुला? मला सांग. मी जाऊन बोलते तिच्याशी.
"ती काय बोलंल? गरीब हाय. भाकरी जाड थापती, तेवढंच."
म्हटलं, मल्लू तर म्हणाला पटत नाही.
अक्का शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "मीच सांगितलं हुतं त्याला, तसं म्हण म्हणून."
का?
"दिवाळीला आलते तवा बघितलं. नोकरी संपली. दिवसभर घरात माणूस न्हाय, बोलणं न्हाय. रेडिओबी बंद. मल्लूला म्हटलं, मी जाऊन ऱ्हाते तिच्याजवळ. पण तुझ्यासाठी आले म्हटलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी गाडीत बसवून दिलं असतंस. सुनंचं म्हटलं की ठेवून घेशील."
मी सोललेले दाणे तोंडात टाकत राहिले. ती म्हणाली, "शेंगदाणं खाऊ नको कच्चं. पित्त हुतंय तुला."
३ तारखेला मी काय लिहिलंय ते तिला कधी कळू नये.

२० फेब्रु.
खाट बाहेर आणली, खिडकीखाली. यावेळी मी ऐकलं नाही. स्पीकर आडव्या भिंतीला लावले. भिंत आखूड, दोन्ही जवळजवळ आले. क.सा. बघायला आले आणि कळवळले. "बाई, हे काय केलं? असा आवाज पसरणार कसा?" म्हटलं, नाही पसरत. राहू दे.
अक्का खाटेवर पडून म्हणाली, "साहेब, च्या घेता का?"
रात्री तिला झोप लागली.

२३ फेब्रु.
दोन दिवस तिला गाणी ऐकवतेय. आवडतं असं नाही. एका रेकॉर्डला म्हणाली, "ही बाई दमली हाय. लवकर आवर म्हणावं." पण उठून जात नाही. मी डोळे मिटले की बोलायची थांबते. हे तिला अवघड जातं, कळतं मला.

२६ फेब्रु., शनिवार
मल्लू आला. ज्वारीची काढणी सुरू, शांताला एकटीला झेपत नाही, तिनंच पाठवलं. अक्का एका शब्दानं तयार झाली. लुगडी घड्या करताना माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू बी चल की. घराफुडचा सोपा लांबलचक हाय आमचा. तुझं ते दोन डबं दोन कडंला ठेव, मधी बस. कुणी काई म्हणणार न्हाय."
म्हटलं, वीज आहे का?
"असती. जाती. परत येती."
मल्लू म्हणाला, "मावशी, खरंच चला. शांता लई दिवस म्हणतीया."
म्हटलं, माझं इथलं सगळं. अक्कानं विचारलं, "काय सगळं?" रागानं नाही. खरंच विचारलं. मी मनात मोजायला लागले. भाड्याची खोली, पेन्शनीचं पोस्ट, क.सा.चं दुकान, आणि
ती म्हणाली, "आताच सांग असं न्हाय."
दोघं चारच्या गाडीनं गेली. स्टेशनावर डब्याच्या खिडकीतून तिनं मला हाताला धरून उजव्या बाजूला ओढलं आणि कानाशी म्हणाली, रोज काहीतरी शिजवून खात जा.
परत येताना नवी पेठेतून आले. क.सा.ना विचारलं, खेड्यातल्या विजेवर हे सगळं चालेल का. म्हणाले, तिथली वीज वरखाली होते, ॲम्प्लिफायर जळेल. स्टॅबिलायझर बांधावा लागेल. "बांधू?"
म्हटलं, सहज विचारलं.
मी दाराशी गेल्यावर म्हणाले, "सामान मंगळवारी मागवतो मी, बाई. हवं असेल तर सोमवारपर्यंत सांगा."