बोटभर उणं

ता. ८ जुलै ४१, मंगळवार
बाजारचा दिवस असून दिवसभरात अकरा गिऱ्हाइकं. त्यातले चार मास्तर, म्हणजे आमचेच. समोर तात्याशेटच्या दुकानापुढे पायताणांचा ढीग. ज्वारी आमच्याकडे पायलीमागे आणा स्वस्त. पाटीवर खडूने मीच ठळक लिहिलंय. भाव गावभर ठाऊक आहे, तरी येत नाहीत.
हे धान्याचं भांडार उघडून तीन आठवडे झाले. लढाईने भाव चढायला लागले म्हणून वकीलसाहेबांनी चार गृहस्थ गोळा करून हे काढलं, आणि मला भोंगवलीच्या शाळेतून ओढून आणून इथे बसवलं. नियम एकच. माप सरकारी छापाचं, वर लाकडी रूळ फिरवून सपाट, सगळ्यांना सारखं. मला हा नियम मनापासून पटतो. म्हणून तर आलो.

ता. ९
हिने काल गुपचूप तात्याशेटकडून पायलीभर ज्वारी आणली. नवरा भांडारात आणि बायको समोरच्या दारात. भांडलो. मग तीच ज्वारी आमच्या मापाने मोजून दाखवली. त्याने शीग चढवून, वर डोंगर करून दिलेली पायली आमच्या सपाट पायलीत ओंजळभर कमी भरली. त्याच्या मापाचं बूड जाड आहे.
ही म्हणाली, "ठावं हाय समद्यांस्नी. पर त्यो वर घालून देतो. तुमी वरचं पुसून घेता."
जन्मभर गणित शिकवलंय मी. तरी पुन्हा एकदा मोजलं.

ता. १५, मंगळवार
धनगरवाड्यावरची ठकूबाई आली. तूप विकून येते, सत्तरीची असेल, पण ताठ. दोन पायली मागितली. भरली, रूळ फिरवला. वरची रास परत पोत्यात पडली ती तिने शेवटच्या दाण्यापर्यंत पाहिली.
"घासातला घास काडून घेतलास की रं."
आजी, माप पुरं आहे, म्हटलं. तिने आपल्या फडक्यातली मूठभर ज्वारी उचलली आणि माझ्या पोत्यात टाकली. "ही बी ऱ्हाऊ दे. तुला कमी पडंल."
दारातल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. त्यातल्या दोघी तिच्यामागून तात्याशेटकडे गेल्या. राग आला. रागापेक्षा जास्त लागलं.

ता. १७
वकीलसाहेब येऊन गेले. गणपतीपर्यंत बघू म्हणाले, नाहीतर कुलूप. माझं काय, शाळा परत घेईल. पण भांडार उघडलं त्याच आठवड्यात तात्याशेटने डाळीचा आणि मिठाचा भाव उतरवला. आमच्या दाराला कुलूप लागलं की दुसऱ्या दिवशी चढवेल. म्हणजे जे आमच्याकडे येत नाहीत त्यांचंही आमच्यामुळेच भागतंय. हे कुणाला जाऊन सांगायचं.

ता. २०, रविवार
भांडारात एकटाच, दार लावून. पायली बोटभर उणी भरली. ओतली. वर एक ओंजळ घातली. मग सगळं मिळून पुन्हा मोजलं. बरोबर सपाट पायली. दहा वेळा केलं, दहाही वेळा बरोबर. माझी ओंजळ नेमकी बोटभरच आहे.
स्वतःचंच हसू आलं. कुणी पाहिलं असतं तर म्हणाले असते, मास्तर खुळावले.

ता. २२, मंगळवार
केलं. रूळ गादीखाली सरकवला. उणं भरून ओतायचं, मग ओंजळ धरून म्हणायचं, "घ्या, पोरांसाठी." पहिल्या बाईला म्हणताना शब्द मागेपुढे झाले. पण त्या बाईचं तोंड असं उजळलं की पुढे जमत गेलं. दुपारपर्यंत चार पोती रिकामी.
वरवे गावची एक बाई शेजारणीला सांगत होती, "त्यो लाकूडवाला गेला वाटतं. ह्यो बरा हाय."
मीच तो, बाई.
कुणाला दाणा कमी नाही, कुणाला जास्त नाही. मग घरी येताना चोरासारखं का वाटत होतं?

ता. ३०
काल बाजारात तात्याशेट स्वतः. पान खात दारात उभा राहिला, चार मापं होईपर्यंत. मला वाटलं, आता ओरडून सांगणार. जवळ येऊन हळूच म्हणाला, "मास्तर, बोटं जरा सैल सोडा. दोन दाणे खाली सांडू द्यात. सांडलं म्हंजी मन मोठं दिसतं." आणि गेला.
शरम वाटली. त्याहून शरमेची गोष्ट ही की पुढच्या गिऱ्हाइकाला मी बोटं सैल सोडली.

ता. ५ ऑगस्ट, मंगळवार
ठकूबाई परत. मी भरताना तिची नजर मापाच्या काठावर. ओंजळ धरली तेव्हा म्हणाली, "आदी उनं भरलंस. म्या बगितलं."
कान तापले. खालच्या आवाजात म्हटलं, आजी, दोन्ही मिळून पुरं आहे, देवाशपथ.
"ठावं हाय. कमी आसतं तर बोंब ठोकली आसती. तवा तू लाकडाकडं बगत हुतास. आता माज्याकडं बगून देतूस. घाल."
दिवसभर हलकं वाटलं. जिला कळलं तिनेच माफ केलं, मग राहिलं काय?

ता. १२, मंगळवार
पाऊस, आणि गर्दी अशी की दारात पाऊल ठेवायला जागा नाही. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली एक बाई पायरीखाली उभी होती. त्या लोकांना वर घेत नाहीत, पायरीवरून पदरात ओतायचं. एक पायली. उणी भरली, ओतली. ओंजळ भरली, तेवढ्यात दुसरीने फडकं पुढे केलं आणि ओंजळ त्यात पडली. पायरीखालची बाई क्षणभर थांबली. पदर आवळून गेली.
ती कोपऱ्यापर्यंत गेली होती तेव्हा माझ्या ध्यानात आलं. हाक मारता आली असती. पण हाक मारून काय म्हणणार? तुझं माप उणं भरलंय, असं? चाळीस माणसांपुढे?
मारली नाही.

ता. १३
काल लिहिलं त्यात पाऊस आणि गर्दी आहे. ते खरं आहे, पण पुरं खरं नाही. पायरीखाली ओंजळ घालायची तर वाकावं लागतं, हात तिच्या पदरापर्यंत न्यावे लागतात. बाकीच्यांपुढे ते करायला मी क्षणभर कचरलो, आणि त्या क्षणात दुसरं फडकं पुढे आलं. रूळ असता तर तिचं तिला पुरं मिळालं असतं. लाकडाला पायरी कळत नाही.
हिला सांगितलं. "मंग जावा की वस्तीवर, ओंजळभर ज्वारी घिऊन," म्हणाली. सरळच आहे.

ता. १५
ज्वारी पुडीत बांधून निघालो. नाक्यापर्यंत गेलो. तिथे वकीलसाहेब भेटले, कुठे निघालात म्हणाले. असंच, म्हणालो. परत आलो.
ते फार खुशीत होते. कुलपाची गोष्ट आता नाहीच. कापूरहोळच्या फाट्यावर दुसरं भांडार काढायचं म्हणतात. "तुमच्या हाताला यश आहे, मास्तर. तिथल्या दोघांना तुम्हीच शिकवा." कसं देतो ते त्यांनी विचारलं नाही.

ता. १९, मंगळवार
पायरीखालची ती बाई आली. सकाळीच, गर्दीच्या आधी येईल तर बरं असं मी घोकत होतो, पण आली भर बाजारात. घरची लाकडी अधोली आणलेली. पायरीवर ठेवली आणि मागे सरून उभी राहिली.
"ह्यात घाला जी. दोनदा, मंजी पायली हुईल. मागल्या बाजारी घरी मोजलं तर उनं भरलं. आमचंच मोजाय चुकलं आसंल."
आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं.
दोन्ही वेळा काठोकाठ भरली. मग ओंजळ घेतली, मागच्या बाजाराची, आणि या वेळी पायरीवर नीट वाकलो. तिने अधोलीवर हात आडवा धरला.
"न्हाई जी. वरचं नगं. मापाचं दिलं की झालं."
हे वरचं नाही, हे तुझंच आहे, असं सांगायला तोंड उघडलं. मागे सगळ्या बाया ऐकत होत्या. तोंड मिटलं. ती गेली. मी ओंजळ धरून तसाच वाकलेला.
पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "मास्तर, मला घाला की ती."
घातली.

उद्या दहाला भांडाराच्या कमिटीची बैठक. कापूरहोळचे दोघे माप शिकायला येणार आहेत. वकीलसाहेबांना सगळं सांगायचं असं आज ठरवतोय. सांगितलं तर रूळ परत येईल आणि बाया परत समोर जातील. नाही सांगितलं तर त्या दोघांना मी आधी उणं भरायला शिकवेन, मग ओंजळ.